दादाचे सूर आणि नोमॅटरचा कीबोर्ड

२ जुलै
नेतसाई वहिनी गावाहून आल्या. सोबत शेंगदाण्याचं कूट, खायच्या वाळवलेल्या अळ्या आणि एक हुकूम. दादाला जाऊन वर्ष झालं. सप्टेंबरच्या मध्यात त्याच्या आत्म्याला घरी आणायचा विधी ठरला आहे. तोवर बिचारा बाहेरच, रानात, ना इकडचा ना तिकडचा. बिअर वहिनी आणि गावातल्या म्हाताऱ्या करणार. बैल ठरला आहे, काळा. म्बिरा मी वाजवायचा, लाकडी पाटीवरच्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडून. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, बाकी काही कमीजास्त झालं तरी मी सांभाळून घेईन, पण त्यांना तो आवाज ऐकू आला पाहिजे. नाही तर आपलं घर कुठलं ते त्यांना कळायचं कसं? मी म्हटलं, तुम्ही अजिबात काळजी करू नका.
दोन्ही म्बिरे काढून पुसले. वडिलांनी ते एकत्रच घडवले होते. मोडक्या पलंगाच्या स्प्रिंगा ठोकून पट्ट्या केल्या, आणि सूर आपल्या कानाने लावले. असा सूर आमच्या भागात दुसऱ्या कुणाच्या म्बिऱ्याचा नाही. दादा पुढचा भाग वाजवायचा, मी मागचा. आता दादाच्या म्बिऱ्यावर त्याचा दोस्त मटांबो बसेल.
उद्यापासून रोज सकाळी सहाला सराव.

३ जुलै
जुलैची कडाक्याची थंडी. बोटं वळत नाहीत. उद्यापासून.

५ जुलै
सेकाईने दार वाजवलं. म्हणाली, काका, सहा वाजून गेले. मी म्हटलं, कोणते सहा? ती हसत कामावर गेली. ती दादाची मुलगी. बायकांचे केस विणण्याच्या दुकानात आहे, राहते माझ्याकडे. चितुंग्विझासारख्या शहरात म्हाताऱ्याने एकट्याने राहू नये, असं तिचं म्हणणं. खरं तर मीच तिला सांभाळतो.

९ जुलै
कोपऱ्यावरच्या सभागृहात पोरं रोज नाच करतात. लाउडस्पीकर इतका मोठा की माझ्या कपबश्या कपाटात सरकतात. आज तक्रार करायला गेलो. टोपी घातली, काठी घेतली, बोलायचं ते पाठ करून गेलो.
त्यांचा म्होरक्या गिव्हमोर. छताखालीसुद्धा काळा चष्मा. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, आजोबा, तुम्ही ते म्बिरावाले ना? या, बसा, तुमचीच वाट पाहत होतो. हरारेत ऑगस्टमध्ये मोठी स्पर्धा आहे. जुनं संगीत आणि नवा नाच एकत्र करून दाखवायचा. म्हणाला, पाय आमच्याकडे आहेत, मुळं नाहीत. मुळं तुम्ही.
तक्रारीचं राहून गेलं. मी आता त्यांचा संगीत दिग्दर्शक आहे. त्याने तोच शब्द वापरला.

१० जुलै
झोप नाही. सगळ्यांसमोर खोकला आला तर? बूट कुणी चोरले तर? सभागृहाच्या दाराशी काढावे लागतात.
पन्नासएक वर्षं मागचा भाग वाजवला. विधी संपला की लोक दादाचे हात हातात घ्यायचे. मला विचारायचे, गाडी किती वाजता? दादा म्हणायचा, एनोक, तुझा भाग ऐकू येत नाही, पण नसला की सगळ्यांना कळतं. तेव्हा हे मला कौतुक वाटायचं. आज पहाटे नीट विचार केला. ऐकू येत नाही ते कौतुक कसलं?

१२ जुलै
पहिला सराव. पोरं छान नाचतात. पाय जमिनीवर टेकतात की नाही ते दिसत नाही. फारिसाई नावाची मुलगी तर गुडघे कुठल्या कुठे वळवते. मला माझ्या गुडघ्यांची आठवण झाली.
अडचण एकच. कीबोर्डवर नोमॅटर बसतो, नावाचा अर्थ ‘काही फरक पडत नाही’. त्याच्या आईने त्याचं नाव असं का ठेवलं ते आज कळलं. त्याचा सूर आणि माझा सूर जुळेना. दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून भांडण लागावं तसं ऐकू आलं. तो म्हणाला, आजोबा, कीबोर्ड कारखान्यात बनलाय, तो वाकत नाही. तुमचं लोखंड वाकतं. मी म्हटलं, बरोबर आहे.

१३ जुलै
हातोडी घेऊन माझ्या म्बिऱ्याच्या पट्ट्या हळूहळू आत सरकवल्या. सूर चढला. नोमॅटरच्या बरोबरीला आला. जुना सूर कुठे जात नाही. दादाचा म्बिरा फडक्यात गुंडाळून कपाटात आहे, वडिलांनी लावला तसाच. त्याच्याशी पडताळून मी माझा पुन्हा केव्हाही खाली आणीन. दुपारभराचं काम.
सेकाईने विचारलं, ठोकठोक कसली? मी म्हटलं, दुरुस्ती. ती म्हणाली, काय बिघडलं होतं?

२१ जुलै
माइकवाल्याने बाटल्यांची बुचं काढायला लावली. म्बिऱ्याच्या पाटीवर ती ठोकलेली असतात, पट्टी छेडली की त्यांची जवार म्हणजे झणझण उठते. पितरांना ती जवार आवडते. माइकला आवडत नाही. माइकवाला म्हणाला, काका, आत माशा भरल्यात का? सगळे हसले. मीही हसलो. बुचं चहाच्या डब्यात ठेवली आहेत. विधीच्या आधी परत ठोकायची. विसरायचं नाही.

२२ जुलै
सकाळच्या सरावाचं बघावं लागेल. सध्या संध्याकाळी सभागृहात सराव होतोच. तोच धरू.

२९ जुलै
गिव्हमोर म्हणाला, एक म्बिरा बारीक वाटतो, स्टेज मोठं आहे, दोन हवेत. मी सांगून बसलो, घरी आणखी एक आहे. का सांगितलं ते कळत नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.
दुसरा फारिसाईच्या हातात द्यायचा. तिला वाजवता येत नाही. ती म्हणाली, आजोबा, मी नुसती अंगठे हलवीन, लांबून काय कळतंय? पण सूर जुळलेला हवा, चुकून हात लागला तर?

३१ जुलै
दोन दिवस विचार केला. दादाला तरुण पोरं आवडायची. सेकाईला लहानपणी खांद्यावर घेऊन नाचायचा. तो असता तर म्हणाला असता, घे रे एनोक. मला तर त्याचा आवाज अगदी स्पष्ट आला.
आणि सूर माझ्या कानात आहे. एवढी वर्षं ऐकला, तो कुठे जाणार?
फडकं सोडलं. दादाच्या पट्ट्या जास्त घट्ट. थोड्या सरकल्या, पुढे हटेनात. शेवटी कानस घेतली. शेंड्याकडून जरा जरा घासल्या. लोखंडाचा बारीक चुरा मांडीवर पडला, तो झटकला. खोलीत सेकाई आली. मी म्हटलं, गंज काढतोय. ती म्हणाली, बाबांच्या पट्ट्यांना गंज कधी आला? दादा त्यांना रोज शेंगदाण्याचं तेल लावायचा, हे मी विसरलो होतो.
जुळला मात्र अगदी बरोबर. नोमॅटर अंगठा वर करून म्हणाला, परफेक्ट.

१० ऑगस्ट
नोमॅटर आज हसत आला. त्याच्या मामाने दाखवलं, कीबोर्डला मागच्या बाजूला सूर खालीवर करायचं बटण आहे. म्हणाला, सॉरी आजोबा, मला माहीतच नव्हतं. दाबून दाखवलं. सूर खाली आला, वर गेला, लिफ्टसारखा.
मी म्हटलं, मला ठाऊक होतं, पण कलाकाराने तडजोड करायला शिकलं पाहिजे.
जेवण गेलं नाही. मक्याच्या पिठाचा साद्झा ताटात दगड झाला. सेकाईने विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, पोट.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ
स्पर्धा झाली. नीट लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल.
मला भाड्याचं कातडं नेसवलं. बिबट्याचं म्हणाले. शिवणीत चेन होती. डोक्यावर पिसं. जागा मागे, पडद्याजवळ, गवती झोपडीच्या दाराशी. झोपडी पुठ्ठ्याची. पण मागे असलं तरी उंचावर होतो. नाव पुकारलं नाही, वेळ कमी होता.
सुरुवात छान झाली. मध्येच ज्याची भीती होती तेच झालं, खोकला आला. अंगठे थांबले. पुढे झुकून चांगला खोकलो. आणि काय आश्चर्य, म्बिरा चालूच होता! एक सूरही तुटला नाही. शहरातली साउंड सिस्टीम खरोखर भारी. आपण थांबलो तरी आपला आवाज हॉलमध्ये फिरत राहतो.
दुसरा नंबर. पोरं उड्या मारत होती. गिव्हमोरने सगळ्यांना मिठी मारली, मलाही, पिसं मोडली. ते सगळे पार्टीला गेले. फारिसाई धावत येऊन दादाचा म्बिरा माझ्या हातात देऊन गेली. म्हणाली, थँक्यू आजोबा, अजिबात जड नाही.
सेकाई बघायला आली होती. मिनीबसमध्ये मी तिला साउंड सिस्टीमचं सांगितलं. तिने भाजलेलं मक्याचं कणीस घेतलं होतं, त्याचा मऊ अर्धा भाग मला दिला. मग घर येईपर्यंत माझा हात धरून बसली. इतकी मोठी झाली तरी मिनीबसमध्ये घाबरते.

२६ ऑगस्ट
गिव्हमोरचा निरोप नाही. सभागृहापर्यंत गेलो. सराव चालू होता. आतून म्बिऱ्याचा आवाज येत होता. मी तर बाहेर उभा. दारातून पाहिलं. नोमॅटर एकटाच, कीबोर्डवर. एका बटणात म्बिरा आहे म्हणे, पहिल्यापासूनच.
बूट काढले नव्हते. तसाच परत आलो.

२७ ऑगस्ट
पोरांचं एका अर्थी बरोबर आहे. माझं वय पाहून त्यांनी मला विश्रांती दिली. आता पूर्ण वेळ विधीकडे.

३० ऑगस्ट
पट्ट्या परत बाहेर ओढल्या. माझ्या म्बिऱ्यावर तीन स्वर तरी बरोबर आले असं वाटलं. चहा पिऊन आलो तर चुकीचे वाटले. दादाच्या पट्ट्या कितीही ओढल्या तरी आवाज पातळच. घासलेलं लोखंड आता पुन्हा कुठून आणू?
बाजारातून नवीन पलंगाच्या स्प्रिंगा आणून पाहिल्या. हल्लीच्या स्प्रिंगांत दम नाही.

४ सप्टेंबर
युक्ती काढली. डोळे मिटून वडिलांची भट्टी आठवायची, मग सूर आपोआप येईल. डोळे मिटले. भट्टी आली, धूर आला, वडिलांचा उघडा खांदा आला. सूर म्हणून जे आलं ते नोमॅटरच्या कीबोर्डचं. तेच. पुन्हा मिटले, पुन्हा तेच.
हवेत आर्द्रता नाही, त्याचाही परिणाम असेल.

८ सप्टेंबर
मटांबोकडे गेलो. तो मला एरवी कुळाच्या नावाने हाक मारतो, मोयो म्हणतो, या मोयो, बसा मोयो, म्हातारे झालात मोयो. त्याच्या बायकोने मक्याच्या पिठाचं पेय, माहेऊ, आणलं, आंबट झालेलं. मी दादाचा म्बिरा दिला. मटांबोने सवयीने मांडीवर घेतला, अंगठ्याने एकच पट्टी छेडली. मग दुसरी. मग खाली ठेवला.
म्हणाला, हा कुणाचा?
मी म्हटलं, दादाचा.
तो म्हणाला, एनोक, मी विचारतोय हा कुणाचा.
मी हवेचं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, मी यायचं तर येईन, दादा माझा होता. पण हे मी वाजवणार नाही. तुझं तू वाजव. बायकोने आणखी माहेऊ ओतलं, तो म्हणाला, पुरे त्याला.
मटांबोचे कान आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. लोक सांगतातच.

१४ सप्टेंबर
गावी आलो. बुचं परत ठोकली, विसरलो नाही! जवार आहे. जवार असली की सूर थोडा झाकला जातो. एकूण काळजीचं कारण नाही.
नदीकडे जाऊन वाजवून पाहत होतो. परत आलो तर चुलीपाशी वहिनी म्हणाल्या, भाऊजी, नदीवर कुणी रेडिओ लावला होता का? मी म्हटलं, असेल.
बिअर छान फसफसली आहे. वहिनींनी नेसायला नवं कापड आणलंय, निळं. मला दाखवलं आणि विचारलं, यांना आवडेल ना? मी म्हटलं, आवडेल.
सेकाईला सगळं सांगावं असं मनात आलं. ती लाकडं फोडत होती. कुऱ्हाड हातात असताना माणसाला काही सांगू नये.

१७ सप्टेंबर
काल झालं. लिहून ठेवतो.
सगळे थडग्यापासून गाणी म्हणत अंगणात आले. काळा बैल मध्ये उभा केला. त्याला आता दादाचं नाव द्यायचं. पाठीवर बिअर ओतायची. बैलाने अंग झटकलं की दादा आला, घरच्यांना स्वीकारलं. लहान पोरांनाही हे ठाऊक आहे.
मी बैलाच्या अगदी शेजारी चटईवर बसलो. मटांबो समोर, हात मांडीवर. वाजवायला लागलो. एकटाच, मागचा भाग. लोक टाळ्या धरायला लागले, पण टाळी नीट बसेना. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण म्हणाली, हे काय शहरातलं आणलं? दुसरी म्हणाली, चूप.
हे काम भाच्याचं, त्याने बिअर ओतली. बैल स्थिर. पाठीवरून बिअर ओघळली, जमिनीत जिरली. पुन्हा ओतली. वहिनी गुडघ्यावर बसल्या, ओंजळीच्या टाळ्या वाजवत म्हणाल्या, या ना हो. सगळे आलेत. सेकाई आलीय. रागावलात का? काय चुकलं ते तरी सांगा. ऊन रणरणत होतं. बैलाने डोळे मिटले. त्याला झोप येत होती असं मला वाटलं. मी आणखी जोरात वाजवलं.
वहिनी विनवत राहिल्या. निळं कापड धुळीत. म्हणाल्या, वर्षभर मी दार लावून झोपले नाही.
तेव्हा सेकाई उठली. मला वाटलं आईला धरायला. ती माझ्यापाशी आली, खाली बसली आणि माझ्या दोन्ही अंगठ्यांवर आपले हात ठेवले. हळूच म्हणाली, काका, पुरे आता. म्बिरा थांबला.
मग मटांबोने नुसत्या तोंडाने दादाचं गाणं धरलं, त्याचा घसा फाटका. म्हाताऱ्यांनी उचललं. टाळ्या, खुळखुळे, पाय. सेकाईसुद्धा गायला लागली, हात माझ्या अंगठ्यांवर तसेच. भाच्याने तिसऱ्यांदा बिअर ओतली.
बैलाने मानेपासून शेपटीपर्यंत अंग झटकलं. बिअरचे थेंब माझ्या तोंडावर उडाले.
बायकांनी अशी ललकारी दिली की कोंबड्या पळाल्या. वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या. आले, आले, म्हणत प्रत्येकाच्या गळ्यात पडत होत्या. माझ्याही पडल्या. म्हणाल्या, भाऊजी, तुमचा भाऊ आला. मी म्हटलं, हो.

१८ सप्टेंबर
परतीच्या बसमध्ये सेकाईला सांगितलं, बैलाला माशी चावली असणार, या दिवसांत माशा फार असतात. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, काका, म्हणजे बाबा आलेच नाहीत असं म्हणायचंय का तुम्हाला?
मी म्हटलं, तसं नाही.
मग कसं?
बस खूप हलत होती.

२५ सप्टेंबर
वहिनींचा फोन. घर भरल्यासारखं वाटतं म्हणाल्या. रोज सकाळी चहाचा एक कप दादासाठी ओततात. आता दार लावून झोपतात.
म्बिऱ्यांबद्दल काही विचारलं नाही. मीही काढलं नाही.

८ ऑक्टोबर
गिव्हमोर रस्त्यात भेटला. काळा चष्मा नवीन. म्हणाला, आजोबा, पुढच्या वर्षी मोठं काही करायचंय, तुमच्यासारखी माणसं हवीत. दिवाळखोर दुकानाचा सेल असावा तसा आवाज. मी विचार करून सांगतो म्हटलं. खरं म्हणजे त्याने लगेच पाठ फिरवली होती.

३ नोव्हेंबर
हा महिना आमच्याकडे पितरांना हाक मारायचा नाही. विधी नाही, म्बिरा नाही. कुणी विचारणार नाही, बरं आहे. डिसेंबरात सुरुवातीलाच नवी स्प्रिंग बघायची. किंवा जानेवारीत.

४ नोव्हेंबर
बैलाच्या अंगावर माशी नव्हती. सगळ्यात जवळ मीच बसलो होतो.